लूसी तुस्कानोचा रिसिव्हरांचा कारखाना

सिडनीच्या पेंडल हिल स्टेशनासमोरच्या किराणा दुकानात दोन मराठी माणसं भेटली की ती तिसऱ्याविषयी बोलतात, आणि गेली सात वर्षं हे तिसरं माणूस बहुतेक वेळा लूसी तुस्कानो असतं. कोणी म्हणतं, बाई मोठी डॉक्टर आहे. नाही. वेस्टमीडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या खात्यात ती सुपरवायझर आहे, आणि एखाद्या सर्जनने वापरलेली कात्री चुकीच्या ट्रेमध्ये टाकली तर त्याला ती ज्या आवाजात परत बोलावते, त्या आवाजावरून गैरसमज व्हावा हे साहजिक आहे. कोणी म्हणतं, तिचं वय बावन्न. हे ती स्वतःच म्हणते. वसईजवळच्या गिरीजच्या शाळेत तिच्या बाकावर बसणारी एक बाई ब्लॅकटाउनला राहते, ती छप्पन्न सांगते. त्या दोघी हल्ली एकमेकींशी बोलत नाहीत.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. वॉरिंगडेल युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल क्लबचे रिसिव्हर जगात कुठेही उभे करा, ते मोकळे सुटतात. आणि ते लूसीने घडवलेत.

आता फुटबॉल म्हणजे कोणता, हे ऑस्ट्रेलियात आधी विचारावं लागतं. इथे त्या नावाचे चार खेळ आहेत आणि प्रत्येकाचे भक्त बाकीच्या तिघांना वेड्यात काढतात. हा पाचवा, अमेरिकेचा, हेल्मेटवाला. याला इथे ग्रिडआयर्न म्हणतात आणि याला कुत्रं विचारत नाही. त्यातला रिसिव्हर म्हणजे दूर पळत जाऊन लांबून फेकलेला बॉल झेलणारा गडी. हे ऐकायला सोपं वाटतं. अडचण एवढीच की त्याच्या अंगाला चिकटून समोरच्या टीमचा एक माणूस पळत असतो, आणि याला झेल मिळू द्यायचा नाही एवढंच त्याचं आयुष्यात काम असतं.

तर अशा या कुत्रं न विचारणाऱ्या खेळात वॉरिंगडेलच्या क्लबातून सात वर्षांत पाच पोरं अमेरिकेतल्या कॉलेजांनी स्कॉलरशिप देऊन नेली. पाचही रिसिव्हर. मग बोलबाला झाला. स्प्रिंगफील्ड लेक्सचं एक मराठी कुटुंब मुलाला या क्लबात घालायला ब्रिस्बेन सोडून सिडनीला आलं. पॉडकास्टवाले तासतासभर कारणं शोधू लागले. एकाचं म्हणणं, ही रग्बीची पुण्याई. दुसऱ्याचं म्हणणं, टोंगा बेटांचं रक्त. तिसऱ्याने मैदानाच्या गवताला श्रेय दिलं. खरं कारण त्या वेळी रिकीचा रेनकोट आणि हॉस्पिटलचे रबरी बूट घालून मैदानाच्या मधोमध उभं होतं आणि ओरडत होतं, “खांदा बघ रे, खांदा! तोंड काय बघतोस त्याचं, लग्न करायचंय का?”

रिकी म्हणजे तिचा नवरा. बिचारा एक्स-रे टेक्निशियन आहे. माणसाच्या आत काय चाललंय हे त्याला रोज दिसतं, बायकोच्या आत काय चाललंय हे तीस वर्षांत दिसलं नाही, असं तो स्वतःच पार्टीत सांगतो.

लूसी या भानगडीत पडली ती मुलीमुळे. सेरेना तेव्हा वॉरिंगडेलला शिकत होती आणि क्लबात खेळणाऱ्या सिओने नावाच्या एका टोंगन पोराबरोबर फिरत होती. सेरेनाला न्यायला येण्याच्या मिषाने लूसी मैदानावर गेली, होणारा जावई कसा आहे ते बघायला. पोरगा उंचापुरा, हसरा, दर रविवारी चर्चला जाणारा. सगळं पसंत पडलं. फक्त तो प्रत्येक वेळी सरळ पळायचा आणि प्रत्येक वेळी चिकटलेला माणूस त्याच्याबरोबर पोचायचा. चौथ्यांदा असं झाल्यावर लूसीने गाडीतून उतरून त्याला हाक मारली.

“अरे बाबा, तू त्याला चहाला घेऊन चाललायस का? सोड त्याला!”

“हाऊ, आंटी?”

हा प्रश्न त्याने चुकीच्या बाईला विचारला. किंवा बरोबर बाईला. कारण लूसी शाळेत आणि मग कॉलेजात खो-खो खेळायची, ठाणे जिल्ह्याकडून खेळायची, आणि तिला बाद करायला समोरच्या टीमला घाम फुटायचा. दोन महिन्यांत सिओने असा पळू लागला की त्याला चिकटलेला माणूस उजवीकडे जाऊन पडायचा आणि हा डावीकडे एकटा उभा असायचा. दीड वर्षाने तो अमेरिकेला गेला. त्याआधीच सेरेनाने त्याला सोडलं होतं. गिरीजपर्यंत हसू पोचलं ते याचंच, की लेकीने पोरगा सोडला आणि आईने ठेवला.

मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा. लूसी आठ पोरांना एका रांगेत उकिडवं बसवते. एक या बाजूला तोंड करून, दुसरा त्या बाजूला, तिसरा पुन्हा या बाजूला. हेल्मेट घातलेली शंभर-शंभर किलोची धुडं अशी बसलेली पाहून त्या ओव्हल मैदानावर कुत्री फिरवायला येणारे लोक थांबून फोटो काढतात. नववा पाठलाग करतो. रिसिव्हर त्या रांगेतून नागमोडी पळतो. पाठलाग करणारा बसलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, “खो!” म्हणतो, आणि बसलेला उठून त्याची जागा घेतो. मधली रेष ओलांडायची नाही. एकदा खांदा वळवला की मागे फिरायचं नाही. पळणाऱ्याने एक मिनिट टिकायचं.

“एक मिनिट?” नवी पोरं हसतात.

“आम्ही नऊ मिनिटं टिकायचो. स्कर्ट घालून. बस खाली.”

त्यात बॉल नसतोच. यावरून क्लबात अनेकांनी अनेकदा शंका काढली, आणि प्रत्येकाला तिचं एकच उत्तर असायचं. “बॉल झेलायला कोणीही शिकवतं. बॉलपर्यंत एकट्याने पोचायला कोण शिकवतं, सांग.” जो नऊ जणांचे खांदे वाचून पळायला शिकला, त्याला एकाचा खांदा म्हणजे बालवाडीचं पुस्तक. एवढीच ती विद्या. टोंगन, लेबनीज, गोरी, तमिळ, सगळ्या जातीची पोरं तिच्या हाताखाली “ऊठ”, “बस” आणि “खांदा” हे तीन मराठी शब्द शिकली. चौथाही एक शिकली, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

इथवर सगळं छान. मग शैलेंद्र क्लबचा प्रेसिडेंट झाला.

शैलेंद्र पुण्याचा. मोठ्या आयटी कंपनीत प्रोग्राम मॅनेजर. माणूस वाईट नाही, उलट कामसू. फक्त कुठलीही गोष्ट आपोआप नीट चाललेली दिसली की त्याला बेचैन व्हायला होतं. त्याचा मुलगा वेद लूसीच्या रांगेत तयार झालेला, एकोणीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. वेदला अमेरिकेत पाठवायचं हे शैलेंद्रचं स्वप्न. वेदचं काय स्वप्न होतं ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या एका कॉलेजाचे रिसिव्हर कोच, डॉनोव्हन नावाचे, सिडनीत येणार आणि वॉरिंगडेलच्या मैदानावर एक दिवसाचं शिबिर घेऊन पोरं निवडणार. शैलेंद्र कामाला लागला. त्याने तीन मंगळवार मोबाइलवर लूसीच्या सरावाचं शूटिंग केलं. तिला वाटलं, लेकाचं करतोय. मग एका रविवारी दुपारी तो नारळाच्या वड्या घेऊन घरी आला. तो घरी आला की तिला ‘लूसीताई’ म्हणायचा. ईमेलमध्ये ती ‘लूसी’ असायची आणि कमिटीच्या मिनिट्समध्ये ‘व्हॉलंटियर’.

“लूसीताई, एक चेंज करतोय आपण.” त्याने एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक टेबलावर ठेवलं. वर लिहिलं होतं, वॉरिंगडेल रिसिव्हर प्रोग्राम, मॅन्युअल. “सगळं डॉक्युमेंट केलंय. तुझंच आहे, फक्त स्ट्रक्चर दिलंय.”

लूसीने पानं उलटली. चौदाव्या पानावर आठ पोरं उकिडवी बसलेली. पण तिची नजर थेट खालच्या नावावर गेली, मल्टी-डायरेक्शनल इव्हेजन ग्रिड.

“हे कोणाचं बारसं केलंस रे?”

“खो-खो म्हटलं तर डॉनोव्हनला काय कळणार?”

“मला ग्रिड म्हटलं तर काय कळणार? आणि माझं नाव कुठाय?”

“तेच सांगायला आलोय.” शैलेंद्रने घसा साफ केला. “तुझ्याकडे कोचिंगचं सर्टिफिकेट नाही. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, पण आता इंटरनॅशनल व्हिजिट आहे. त्यातून काही पेरेंट्स विचारतात, त्या हॉस्पिटलच्या बुटातल्या आंटी कोण. म्हणून कमिटीने ठरवलंय, रिसिव्हरांकडे आता एक क्वालिफाइड कोच बघेल, मॅन्युअलप्रमाणे. तू हॉस्पिटॅलिटी अँड वेलफेअर लीड. शनिवारी, शिबिराच्या दिवशी, सॉसेजचा स्टॉल तुझा.”

रिकी स्वयंपाकघरात होता. त्याने नळ बंद केला, कारण पुढचं ऐकू यायला हवं होतं.

“म्हणजे मंगळवार माझा नाही,” लूसी म्हणाली.

“मंगळवारी तू येऊ शकतेस ना, संत्री कापून द्यायला. पोरांना तू आवडतेस.”

लूसीने वडीचा तुकडा तोंडात टाकला, नीट चावला. “वडी छान झालीय. बायकोने केली असणार. तुझ्या हातची असती तर तिचंसुद्धा मॅन्युअल आलं असतं.”

तो गेल्यावर रिकी बाहेर आला. “सोड ना गो लूसी. सात वर्षं केलंस, पुष्कळ झालं. शनिवारी आपण वोलोंगॉंगला जाऊ, मासे खाऊ.”

“मासे मेलेले असतात रिकी, ते कुठे पळत नाहीत. माझी पोरं पळतात.”

“मग कमिटीला पत्र लिही.”

“पत्र लिहितात ती विनंती करणारी माणसं. मी शनिवारी स्टॉलवर जाणार. चिमटा हातात धरीन, पण पाय माझे मैदानावरच असणार. बघू मला तिथून कोण हलवतं ते.”

सेरेनाने फोनवर ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मम, प्लीज डोन्ट मेक अ सीन.” आईला ओळखणाऱ्या मुलीने असं बोलायला नको होतं.

शनिवारी सकाळी थंडी मी म्हणत होती. ओव्हलवर पाच क्लबांची मिळून साठेक पोरं, भोवती आई-बाप, आणि मधोमध डॉनोव्हन, एक टकला, शांत, च्युइंगम चघळणारा माणूस. त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं आणि काखेत शैलेंद्रचं मॅन्युअल. मैदानाच्या कडेला लूसी, अंगात क्लबचा एप्रन, समोर तव्यावर तडतडणारी सॉसेजेस. पोरं आली की एकेकाच्या हातात पाव-सॉसेज देताना ती त्याला घड्याळ दाखवल्यासारखा खांदा दाखवायची. पोरं मान हलवायची.

आधी शर्यती झाल्या. वेद सगळ्यांत जलद पळाला. शैलेंद्रने आकाशाकडे बघून डोळे मिटले. मग डॉनोव्हन म्हणाला, आता ते तुमचं चौदावं पान दाखवा, मी खास त्यासाठी आलोय.

शैलेंद्र पुढे झाला. क्वालिफाइड कोच शेपारटन गावाचा एक तरणा गडी होता, त्याला पान चौदा पाठ होतं, पण त्याने खो-खो जन्मात पाहिला नव्हता. त्याने पुस्तकातल्या चित्राप्रमाणे आठ पोरं बसवली, त्यांत एकदोन दुसऱ्या क्लबांची. आठही एकाच बाजूला तोंड करून.

लूसीच्या हातातला चिमटा थांबला.

घडलं होतं ते असं. मॅन्युअलसाठी फोटो काढताना शैलेंद्रच्या लक्षात आलं होतं की चार पोरांचे चेहरे दिसतात आणि चौघांच्या पाठी. ब्रोशरला पाठी काय कामाच्या? त्याने सगळ्यांना कॅमेऱ्याकडे वळवलं आणि तोच फोटो छापला, खाली बाणबिण काढून. स्वतः पुण्याच्या शाळेत खो-खो खेळायचो असं तो सगळीकडे सांगायचा. नंतर त्याच्या वर्गमित्राकडून कळलं, तो खेळायचा नाही. तो गुण लिहायला बसायचा, तोही मैदानाकडे पाठ करून.

“डॅड,” वेद हळूच म्हणाला, “दे शुड फेस आल्टरनेट—”

“वेद, स्टिक टू द मॅन्युअल.”

शिट्टी वाजली. वेद पळाला आणि रांगेच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पाठलाग करणारा पुढच्या बाजूला. त्याला कोणाच्या तरी पाठीवर थाप मारायची होती, आणि त्याच्यासमोर आठ चेहरे होते. पाठ एकही नाही, आणि वळसा घालून पलीकडे जायला टोकाला खांबही नाहीत. मधली रेष ओलांडायची नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला आणि थांबला. बसलेली पोरं त्याच्याकडे आशेने बघत राहिली. वेदला पळायची गरजच उरली नव्हती. तो कमरेवर हात ठेवून बापाकडे बघत होता. वीस सेकंद झाले. तीस झाले. डॉनोव्हनने च्युइंगम चघळायचं थांबवलं.

“हेच का ते?” त्याने विचारलं.

बाजूच्या क्लबाच्या पालकांत कोणीतरी फिसकन हसलं. वॉरिंगडेलची सात वर्षांची अब्रू तिथे उकिडवी बसली होती, एका ओळीत, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

लूसीने काही क्षण मजा बघितली, खोटं कशाला सांगू. शैलेंद्रचे कान लाल झालेले बघून तिला बरं वाटलं. मग तिची नजर रांगेतल्या विलियामीवर गेली. दोन वर्षं फॅक्टरीच्या पहाटेच्या शिफ्टनंतर झोप मोडून येणारा पोरगा. तो तिच्याकडेच बघत होता. तिने चिमटा ठेवला, गॅस बंद केला, आणि मैदानाच्या दोरीखालून आत शिरली.

“लूसीताई, नॉट नाऊ,” शैलेंद्र आडवा आला. “कमिटीचा डिसिजन आहे. तू आत येऊ शकत नाहीस.”

“आले की.”

“प्लीज, बाहेर जा.”

“तू ने मला. उचलून ने. बघतील सगळे.”

तो बाजूला झाला. लूसीने रांगेजवळ जाऊन एकेक सोडून एकेका पोराला खांद्याला धरून फिरवलं, कपाटातली ताटं लावावीत तसं. “बस. तू तिकडे. बस. तू तिकडे.” दुसऱ्या क्लबाचा एक पोरगा वैतागून उठून गेला, तर त्याच्या जागी ती स्वतः बसली. एप्रनसकट. गुडघ्याने असा आवाज केला की पालकांच्या पहिल्या रांगेतल्या दोन आया दचकल्या.

“वेद! आता पळ. मॅन्युअल बंद.”

शिट्टी वाजली आणि ओव्हल जिवंत झालं. “खो!” “खो!” पोरं उठत होती, बसत होती, वेद सापासारखा मधून निघत होता. नऊ सेकंद, दहा सेकंद. कोणीतरी लूसीच्या पाठीवर थाप मारली. ती उठली. बावन्न म्हणा नाहीतर छप्पन्न, ती जशी उठली तशी कोणी उठत नाही. वेदने उजवीकडे जायचा आव आणला, मग किंचित, अगदी किंचित, त्याचा खांदा डावीकडे वळला, जिथे शैलेंद्र उभा होता. लूसी आधीच तिथे पोचली होती. तिने दोन बोटांनी त्याच्या पाठीला स्पर्श केला.

“आऊट.”

अकरा सेकंद. सिडनीतला सगळ्यांत जलद पोरगा, सॉसेजवाल्या बाईने बाद केला. डॉनोव्हन मोठ्याने हसला नाही. त्याने स्टॉपवॉचकडे बघितलं, मग लूसीकडे.

“पुढचा!” लूसी ओरडली. “विलियामी, ऊठ!”

विलियामी मिनिटभर टिकला. मिनिट संपल्यावरही कोणी शिट्टी वाजवली नाही म्हणून आणखी वीस सेकंद टिकला. बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, जे खेळात चालत नाही. लूसीने त्यांना त्याबद्दल झापलं.

डॉनोव्हन जवळ आला. “हे मॅन्युअलच्या कुठल्या पानावर आहे?”

“पानावर नाही,” लूसी धापा टाकत म्हणाली. “गिरीजच्या शाळेमागच्या मैदानावर आहे.”

“आणि तुम्ही कोण?”

“शी इज अवर हॉस्पिटॅलिटी लीड,” शैलेंद्र मधेच म्हणाला.

“रिसिव्हर कोच,” लूसी म्हणाली. “अमेरिकेला गेलेल्या पाचही पोरांना मीच बसवलं आणि मीच उठवलं. सॉसेज हवं असेल तर कांदा घालून देते, पण आधी माझी सहा पोरं राहिलीत, ती बघा.”

त्याने सहाही बघितली. दुपारी जाताना त्याने दोन नावं लिहून घेतली, विलियामीचं आणि एका लेबनीज पोराचं. वेदचं नाव त्यात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डॉनोव्हनचं क्लबाला ईमेल आलं. मॅन्युअलबद्दल आभार, आणि एक प्रश्न: मिसेस तुस्कानो यांच्याशी थेट बोलता येईल का? पेंडल हिलच्या दुकानात हे ईमेल कमिटीच्या आधी पोचलं होतं, ते कसं, हे कोणी विचारू नये. कमिटीने तातडीची बैठक ठेवली, मंगळवारी सहा वाजता, आणि लूसीला यायला सांगितलं. लूसीने कळवलं, मंगळवारी सहाला मला सराव असतो. तुम्हाला काम असेल तर तुम्ही या.

म्हणून त्या मंगळवारी शैलेंद्र कागद घेऊन ओव्हलवर आला. रांग बसली होती. वेदही रांगेत होता, सगळ्यांत शेवटी. शनिवारनंतर तो लूसीला एवढंच म्हणाला होता, “वॉज इट दॅट ऑब्व्हियस, आंटी, दॅट आय वॉज वॉचिंग डॅड?” आणि तिने सांगितलं होतं, “वेद बाळा, ब्लॅकटाउनवरून दिसत होतं. पळायचं असेल तर स्वतःसाठी पळ. नाहीतर पळू नकोस, मी रागावणार नाही.” त्याने रविवारभर विचार केला आणि मंगळवारी पावणेसहालाच बूट बांधून बसला.

शैलेंद्र तिच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, “त्याला मुद्दाम बाद केलंस ना, लूसीताई? माझ्यावरचा राग काढलास.”

“मुद्दाम केला असता तर पाच सेकंदांत केला असता. अकरा लागले, कारण पोरगा चांगला आहे.” तिने त्याच्याकडे बघितलं नाही. “पुढच्या वर्षी त्याला कोणी पकडणार नाही. तू फक्त समोर उभा राहू नकोस. मागे राहा, नाहीतर घरी राहा.”

त्याने मान खाली घातली. मग त्याने कागद पुढे केला. “कमिटीने नवं पद काढलंय. हेड ऑफ रिसिव्हर डेव्हलपमेंट. तुझ्यासाठी. सर्टिफिकेटला सहा महिने मुदत. सही कर.”

“वाच,” लूसी म्हणाली. “माझं लक्ष पोरांकडे आहे, मोठ्याने वाच. विलियामी! झोपलास का?”

शैलेंद्र वाचू लागला. प्रेसिडेंटने ओव्हलच्या मधोमध उभं राहून कलमं वाचायची आणि मधूनमधून “खो!” ऐकू यायचा, असा तो कार्यक्रम झाला. पहिली तीन कलमं तिने ऐकली. चौथं होतं, सरावाची पद्धत क्लबाची मालमत्ता राहील, तिचं नाव मॅन्युअलप्रमाणे असेल, आणि क्लबाच्या परवानगीशिवाय ती इतरत्र शिकवता येणार नाही.

“थांब. पेन दे.”

त्याने पेन दिलं. तिने कागद त्याच्याच पाठीवर ठेवला आणि चौथं कलम खोडलं. एकदा नाही, गिचमिड होईपर्यंत खोडलं.

“अगं, हे खोडलंस तर कमिटी मान्य करणार नाही!”

“खो-खो तुमच्या कमिटीची मालमत्ता? गिरीजच्या पोरी ऐकतील तर पोट धरून हसतील. उद्या दुसऱ्या क्लबाची पोरं आली तर त्यांनाही बसवणार. परवा त्या टकल्याच्या कॉलेजाने विचारलं तर त्यालाही बसवणार, त्याच्या गुडघ्यांना जमलं तर. आणि नाव खो-खोच राहणार. बोलता येत नसेल त्याने शिकावं. ही टोंगाची पोरं शिकली, तुझी कमिटी शिकेल.”

“आणि नाही शिकली तर? पद दुसऱ्याला जाईल लूसीताई, मी खरंच सांगतोय.”

“जाऊ दे की. खुर्ची त्याला द्या.” तिने कागद त्याच्या हातात परत ठेवला, सहीशिवाय. “आज मंगळवार आहे, साडेसहा वाजलेत, आणि अकरा पोरं माझी वाट बघतायत. कमिटीची कोण बघतंय? हो बाजूला, रेषेवर उभा आहेस.”

तो बाजूला झाला.

क्लबाच्या वेबसाइटवर आज बघाल तर हेड ऑफ रिसिव्हर डेव्हलपमेंट या पदासमोर लिहिलंय, लवकरच जाहीर करू. दर महिन्याच्या बैठकीत तो विषय निघतो आणि पुढच्या महिन्यावर जातो. मॅन्युअलची दुसरी आवृत्ती निघाली नाही. विलियामी जानेवारीत अमेरिकेला गेला. आणि ओव्हलवर कुत्री फिरवायला येणाऱ्यांना मंगळवारी सहा वाजता तोच आवाज ऐकू येतो, फक्त हल्ली पोरं अकराच्या जागी एकोणीस झालीत आणि त्यातली सहा दुसऱ्या क्लबाची आहेत. कमिटीने त्यांना मनाई करणारं पत्र तयार ठेवलंय म्हणे. ते नेऊन द्यायला मात्र अजून कोणी पुढे आलेलं नाही.